सहप्रवाशाचा दुजोरा

तिकीट नीलांबरचं आणि विमान तुंगाचं, हा प्रकार पहिल्या फेरीला आम्हाला कळलाच नव्हता. कोल्हापूरच्या विमानतळावर आम्ही नीलांबर कंपनीच्या निळ्या काउंटरसमोर शहाण्यासारखे रांगेत उभे राहिलो. नंबर आल्यावर तिथल्या मुलीनं गोड हसून सांगितलं, की तिकीट आमचंच आहे, पण विमान तुंगा एअरचं, तेव्हा चेक-इन पलीकडे. पलीकडच्या पिवळ्या काउंटरवर सांगितलं, की विमान आमचंच आहे, पण खिडकीची जागा हवी असेल तर ते तिकीट विकणाऱ्याला विचारा. मगदूम तापले.

मगदूम म्हणजे माझे यजमान. नाव शीतल. आमच्या भागातल्या जैन घरांत पुरुषांचं हे नाव सर्रास असतं, दहाव्या तीर्थंकरांवरून ठेवलेलं. त्या नावाचा यांच्या स्वभावावर काडीचाही परिणाम झालेला नाही.

"ही काय चेष्टा लावलीय?" ते काउंटरवर हात आपटून म्हणाले. "बैल एकाचा, गाडी दुसऱ्याची. आम्ही काय चालत जायचं व्हय हैदराबादला?"

"काका, बसा हितं जरा. मी करते की," पिवळ्या काउंटरवरची मुलगी म्हणाली. छातीवरच्या पट्टीवर तिचं नाव होतं, आफरीन मुल्लाणी. तिनं स्वतः दोन्ही काउंटरांमध्ये हेलपाटे घातले आणि मगदुमांना खिडकी मिळवून दिली. मी त्यांच्या शेजारी, वाटेकडच्या खुर्चीवर. त्यानंतर दर महिन्याला आम्ही तिच्याच काउंटरवर जाऊ लागलो.

दर महिन्याला जायचं कारण म्हणजे माझी डावी किडनी. ती आता मगदुमांच्या पोटात आहे. त्यांच्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा माझी जुळली, मी दिली, आणि त्यात मी फार मोठं काही केलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. शस्त्रक्रिया हैदराबादला झाली. पुढची तपासणीही तिथेच. इस्पितळानं दोन्ही विमान कंपन्यांशी करार केला होता, त्यामुळे जाणं, येणं आणि तपासणी असं सगळं एकाच पॅकेजमध्ये बसायचं.

आता त्या खुर्च्यांबद्दल सांगायला हवं. मी निवृत्त होईपर्यंत शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे असली गोष्ट अर्धवट सांगितलेली मला चालत नाही.

आमच्या तरुणपणी विमानातल्या दोन खुर्च्यांमधला हाताचा दांडा एका जागी खिळलेला असे. ज्याचं कोपर जोरदार, त्याचा दांडा. लहान पल्ल्याच्या विमानांत तर रांगा इतक्या जवळ असत की गुडघे पुढच्याच्या पाठीत जात. तक्रारी फार वाढल्या, तेव्हा तुंगानं नव्या खुर्च्या आणल्या. त्यांच्या कापडात केसाएवढ्या बारीक तारा विणलेल्या असतात. बसलेल्या माणसाचं वजन कुठे किती पडतंय, तो किती वेळा कूस बदलतो, मांड्या कधी आवळतो, श्वास कधी अडखळतो, हे सगळं त्या तारा टिपतात. अवघडलेलं माणूस सारखं हलतं, हे तर कुठल्याही आईला मांडीवरच्या मुलावरून कळतं. खुर्ची तेच करते, फक्त न कंटाळता.

हे टिपून झालं की त्यातून एक आकडा निघतो. त्याला सौख्यांक म्हणतात. शून्य म्हणजे हालहाल, शंभर म्हणजे परमसुख. मग खुर्च्यांखालचे रूळ कामाला लागतात. दांडा इकडून तिकडे सरकतो, पुढची रांग बोटभर मागेपुढे होते. ज्याचा अंक कमी त्याला जास्त जागा, ज्याचा अंक जास्त त्याची जागा कमी. विमानातली एकूण जागा तर वाढत नाही. आहे ती गरजेप्रमाणे वाटायची. कागदावर यात कुणाला नाव ठेवायला जागा नाही, आणि मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मान डोलावली होती.

एक गोष्ट मात्र मला उशिरा समजली. हा अंक त्या एका प्रवासापुरता नसतो. प्रत्येक फेरीची भर पडत पडत तो पक्का होत जातो. वर्गात एखाद्या मुलाबद्दल पहिल्या महिन्यात झालेलं मत मास्तरांच्या डोक्यातून वर्षभर जात नाही, तसं. आणि दोन्ही कंपन्यांचं तिकीट जसं सामाईक, तसा हा अंकही सामाईक. नीलांबरचा प्रवासी तुंगाच्या विमानात बसला की त्याचा अंक त्याच्या आधी जाऊन पोचलेला असतो.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात माझी उजवी कूस दुखायला लागली. बरगडीखाली, आत कुठेतरी, दाबून धरल्यासारखं. मगदूम माझ्या उजवीकडे खिडकीशी बसत आणि मधला दांडा नेमका त्याच जागेवर टेकायचा, त्यामुळे मला वाटलं दांड्यानंच दुखतंय. विमान वर गेलं की ते वाढायचं. तेव्हा मी जे लहानपणापासून करत आले तेच केलं. मी सामायिकाला बसले.

जैन नसलेल्यांसाठी सांगते. सामायिक म्हणजे दोन घटका एका जागी स्थिर बसायचं. शरीराला काय होतंय ते बघायचं आणि सोडून द्यायचं. गावच्या बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, आई मला शेजारी बसवायची. डास चावला तरी हात उचलायचा नाही, पायाला मुंग्या आल्या तरी मांडी मोडायची नाही. मी त्यात इतकी तयार झाले की बाळंतपणातसुद्धा सुईण दोनदा विचारायला आली, कळा थांबल्या का म्हणून. कोल्हापूर ते हैदराबाद हे अंतर तर जणू सामायिकासाठीच मोजून ठेवलेलं. डोळे मिटायचे, श्वास सावकाश करायचा, दुखणं बाजूला बसवायचं. डोळे उघडेपर्यंत खाली हैदराबाद.

खुर्चीला यातलं काय कळणार. तिला एवढंच दिसलं, की ही बाई दगडासारखी शांत आहे. माझा अंक नव्वद झाला, मग पंच्याण्णव, मग सत्त्याण्णव. शेजारी मगदूम. त्यांना घरच्या आरामखुर्चीतही धड बसता येत नाही. त्यांचा अंक पन्नाशीच्या वर कधी गेलाच नाही. दांडा दर फेरीला माझ्या बाजूला सरकत गेला. दिवाळीच्या सुमाराला मी माझ्याच खुर्चीत एक खांदा वाटेकडे काढून, तिरकी बसू लागले होते.

"आज कसं ऐसपैस वाटालंय," मगदूम पाय पसरून म्हणाले. "सुधारणा केली हां यांनी."

त्यांना बरं वाटतंय याचा मला खरंच आनंद झाला होता. डायलिसिसच्या दिवसांत हा माणूस खुर्चीवरून उठताना भिंत धरायचा.

पुढच्या खेपेला मगदूम पाणी आणायला गेले, तेव्हा आफरीन काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुमी जरा हलत जावा की."

"म्हणजे गं?"

"तुमचा अंक बघा. सत्त्याण्णव. असला अंक आमी कुणाचा बघिटला न्हाई. तुमच्या नावावर आता सगळ्यात अरुंद जागा पडालीय, आणि मला ती बदलता येत न्हाई. बदलायला गेलं की नीलांबरकडं विचारा म्हणतंय, नीलांबरवाले आमच्याकडं बोट दाखवत्यात." तिनं बोर्डिंग पास माझ्या हातात दिले. "हलल्याशिवाय मशीनला कळत न्हाई."

त्या फेरीत मी हलले. खांदे उडवले, पाय हलवले, इकडून तिकडे वळले. वाटेपलीकडचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मला स्वतःची लाज वाटली, सगळ्यांसमोर सोंग आणल्यासारखी. उतरल्यावर फोनवर निरोप आला: 'आपल्या हालचाली शारीरिक अस्वस्थतेशी जुळत नाहीत. आपला सौख्यांक कायम ठेवण्यात आला आहे.' जागेसाठी नाटक करणारे प्रवासी खूप निघाले असणार. खरी चुळबूळ कमरेपासून सुरू होते आणि तिला ताल नसतो, मुद्दाम केलेली हातापायांत असते आणि एका लयीत असते. खुर्चीनं हे शिकून घेतलं होतं. मास्तरणीची कॉपी पकडली गेली.

इथवर ही गोष्ट जागेचीच होती. जागेचं मी चालवून घेतलं असतं.

इस्पितळात दात्यांचीही वर्षाला एक तपासणी असते. पहिल्या वर्षी झाली, सगळं ठीक निघालं. दुसऱ्या वर्षीची तारीख उलटून गेली तरी बोलावणं आलं नाही, तेव्हा मगदूम आत तपासून घेत असताना मी चौकशीच्या खिडकीशी गेले. तिथल्या तरुणानं पडद्यावर माझं नाव काढलं आणि प्रसन्न होऊन म्हणाला, "मॅडम, तुमची तपासणी तीन वर्षांनी."

"पण मला इथं दुखतंय," मी कुशीवर हात ठेवून सांगितलं.

"किती दुखतंय?"

आणि इथे माझी जीभ जन्माच्या सवयीनं वळली. मी म्हटलं, "तसं सहन होतंय."

त्यानं समजुतीनं मान हलवली. नवीन नियम असा होता, की विमानातले अंक करारामुळे इस्पितळालाही मिळतात. दात्यांची रांग मोठी, यंत्रं थोडी. ज्यांचा अंक ऐंशीच्या वर ते सुखरूप, त्यांना मागे ठेवायचं. माणूस डॉक्टरांसमोर वाढवून सांगतो किंवा लपवतो, खुर्चीसमोर त्याला दोन्ही जमत नाही, असं तो म्हणाला. हे वाक्य त्याला कुणीतरी शिकवलेलं असावं.

"अंक खाली आणायचा तर?" मी विचारलं.

"विमानात पडद्यावर 'त्रास' दाबा. तुमचा अंक एवढा वर असल्यामुळे तुमच्या एकटीच्या दाबण्यानं काही होणार नाही, पण मग शेजारच्या नातेवाइकाला विचारणा होते. सहप्रवाशाचा दुजोरा. त्यांनी 'होय' म्हटलं, की अंक रद्द होतो आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी बोलावतो."

मी निश्वास टाकला. शेजारचा नातेवाईक तर हक्काचा होता.

कोल्हापुरातच का दाखवलं नाही, असं कुणी विचारेल. दाखवलं. डॉक्टरांनी माझी हैदराबादच्या इस्पितळाची फाइल उघडली, पहिल्याच पानावर तो सत्त्याण्णव बघितला आणि कमरेला पट्टा दिला. आणि खरं सांगू, मलाही कधीकधी वाटायचं, की इतका वर अंक येतोय म्हणजे खरंच काही नसेल, माझ्या मनाचेच खेळ. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले होते, की डोळ्यांवर नाही, मापावर विश्वास ठेवा.

परतीच्या विमानात मी पडदा समोर ओढला आणि 'त्रास' दाबलं. दांडा कुशीत रुतला होता आणि त्या दिवशी मी सामायिक केलं नव्हतं. तरी अंक ढळला नाही. इतक्या वर्षांचं अंगवळणी पडलेलं शरीर, ते आपणहून स्थिर राहिलं.

मगदुमांच्या समोरचा पडदा उजळला. त्यांनी चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं, "आपल्या सहप्रवाशाला शारीरिक त्रास होत आहे, असे आपण स्वतः पाहिले आहे काय? होय. नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे काय गं?"

"होय दाबा," मी म्हटलं. "मला दुखालंय. पावसाळ्यापासून. होय दाबलं की दवाखान्यात तपासतील."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. माझा चेहरा, हात, मांडीवर ठेवलेली पर्स. आणि त्यांचं बोट पडद्यापाशी जाऊन थांबलं.

इथे मगदुमांच्या व्रताबद्दल सांगायला पाहिजे. किडनी बसवून घरी आल्यावर ते मुनिमहाराजांच्या दर्शनाला गेले आणि तिथे त्यांनी खोटं न बोलण्याचं व्रत घेतलं. दुसरा जन्म मिळाला, त्याची परतफेड म्हणून. तेव्हापासून त्यांनी ते काटेकोर पाळलंय. जुनी स्कूटर विकताना गिऱ्हाइकाला तिचे इतके दोष सांगितले, की ते गिऱ्हाईकच यांना चहा पाजून निघून गेलं. जावयाच्या नव्या घरी जाऊन भिंतीचा रंग आवडला नाही म्हणून सांगून आले. पाहुण्यारावळ्यांत आता यांचा शब्द म्हणजे पुरावा मानतात.

"इथं लिवलंय, स्वतः पाहिले आहे काय," ते म्हणाले. "मी तर काय बघितलं न्हाई."

"अहो, मी सांगतेय की."

"तू सांगालीस ते वेगळं. मी बघिटलंय का, असं विचारालंय." ते वैतागले नव्हते, हेच वाईट. वैतागले असते तर मी भांडले असते. ते मनापासून अडचणीत पडले होते. "अगं, तू शांत बसलीयस. अंक बघ तुझा. सत्त्याण्णव. मी होय कसं म्हणू? खोटं होतंय ते."

"तुमच्या त्या व्रतापेक्षा..." मी सुरुवात केली आणि थांबले. त्या वेळी कण्हायला हवं होतं. एकदा, नुसतं तोंडातून, पडद्याशेजारी बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल इतकंच. मी प्रयत्न केला. आवाज आलाच नाही.

"खरंच दुखतंय का लई?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय," मी म्हटलं.

त्यांनी आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. प्रश्नाची मुदत संपत आल्याचं चक्र फिरत होतं. त्यांनी 'नाही' दाबलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "घरी गेल्यावर शेक घे. मी पाणी तापवून देतो." घरी गेल्यावर त्यांनी खरोखरच पाणी तापवून दिलं. त्या रबरी पिशवीकडे बघून मला रडू आलं, ते त्यांना दिसलं नाही. मी स्वयंपाकघरात होते.

पुन्हा 'त्रास' दाबलं तरी सहा महिने विचारणा होत नाही, असा नियम निघाला. दुजोरा नाकारला गेलेला प्रवासी संशयित ठरतो. महिन्याच्या फेऱ्या चालू राहिल्या. दुखणं मधे थोडं थांबलं, तेव्हा मला बरं वाटलं. ते बरं नव्हतं, हे नंतर कळलं.

उन्हाळ्यात एका सकाळी मगदूम माझ्याकडे बघत उभे राहिले. "तोंड सुजलंय तुझं," ते म्हणाले. मग खाली बघितलं. माझी पावलं चपलेत मावत नव्हती. ते मात्र त्यांनी स्वतः पाहिलं, आणि पाहिल्यावर त्यांना कुणी आवरू शकलं नाही. दोन्ही काउंटरांना त्यांनी फैलावर घेतलं. आफरीननं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चाकाची खुर्ची मागवली. हैदराबादला मगदुमांनी चौकशीची खिडकी डोक्यावर घेतली, आणि संध्याकाळच्या आत मला आत नेलं.

डॉक्टर पद्मा येमूल मूळच्या सोलापूरच्या, त्यामुळे निदान मराठीतच ऐकायला मिळालं. उजव्या किडनीच्या नळीत खडा अडकला होता. लघवी मागे तुंबत गेली, किडनी फुगत गेली, आणि आतून सावकाश मरत गेली. दुखायचं थांबलं तेव्हा तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं. दुसरी असती तर तिनं भार उचलला असता.

"सुरुवातीला आला असतात तर नुसता खडा काढला असता आणि घरी पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याकडून काही तक्रारच दिसत नाही. सहप्रवाशानंही नाहीच म्हटलंय. अंक तर शेवटपर्यंत नव्वदीत." त्यांनी पडदा आमच्याकडून वळवून घेतला. आठवड्याला तीन वेळा डायलिसिस, त्यांनी सांगितलं. दुसऱ्या किडनीसाठी नाव लावू, पण रांग मोठी आहे.

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. मगदुमांना डायलिसिस म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"तू मला बोलली का न्हाईस?" ते म्हणाले. "एवढं दुखत हुतं, तर एकदा तरी सांगायचं हुतंस. मी काय परका हाय?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

"कधी?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते खरोखर आठवत होते. कपाळाला आठ्या घालून, महिन्यामागून महिना मागे जात होते, आणि त्यांना तिथे काहीच सापडत नव्हतं. त्यांना आठवत होती ती शांत बसलेली बाई. हा माणूस खोटं बोलत नाही. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

मला राग आला, आयुष्यात कुणाचा आला नसेल इतका. मी तारीख सांगू शकले असते, विमान सांगू शकले असते, ते शेकाचं पाणीसुद्धा. मग माझी नजर त्यांच्या पोटाकडे गेली. आता आम्हा दोघांत मिळून चालणारी एकच किडनी उरली होती, आणि ती त्यांच्यात होती. एकदा आठवलं असतं, की या माणसानं ते दारोदार खरं खरं सांगत हिंडून स्वतःला खाल्लं असतं. औषधं सोडली असती, अन्न सोडलं असतं. त्यांच्या व्रताची चाल मला ठाऊक आहे.

"न्हाई," मी म्हटलं. "माझीच चूक. राहूनच गेलं सांगायचं."

त्यांनी सुस्कारा सोडला. डोळे पुसले, आणि मग रागावले, नेहमीसारखे. "असं अंगावर काढतंय व्हय कुणी? येडी कुठली."

आतून नर्स आली. दंडाला पट्टा बांधायच्या आधी तिनं विचारलं, दुखणं नेमकं केव्हा सुरू झालं, आणि मी कधी कुणाला सांगितलं होतं का. माझ्या आधी मगदुमांनी उत्तर दिलं.

"कुणालाच न्हाई, सिस्टर," ते म्हणाले. "ही कधी बोलतच न्हाई."

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान डोलावली, आणि तिनं दंड वर करायला सांगितला.